वॉट खोक्यावर, वारा कानात

नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी टू-इन-वन आला, त्यांना ‘पीएमपीओ’ ही अक्षरं आठवत असतील. काखेत मावणाऱ्या डब्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं चमचमतं स्टिकर असे आणि डबा चालायचा मात्र चार-सहा मोठ्या सेलवर. एखादा क्षणभर, सगळं जमून आलं तर किती ताकद निघू शकेल, असल्या हिशेबातून तो आकडा काढलेला असायचा. टू-इन-वन अडगळीत गेले, पण आकडा शिल्लक राहिला. आता तो मोटारसायकलच्या हँडलवर येऊन बसलाय.

हँडलला क्लॅम्पनं अडकवायचे नळकांड्यासारखे स्पीकर, सीटखाली दडवायचा तळहाताएवढा ॲम्प्लिफायर, सोबत ब्लूटूथ, यूएसबी, रिमोट, आणि खोक्यावर ‘६०० वॉट’, ‘१००० वॉट’. असला सेट घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्पांतली गाड्यांच्या ॲक्सेसरीजची दुकानं आहेत, नाहीतर मोबाइलवर ऑर्डर टाकली की अंबरनाथ-बदलापूरला घरपोच येतो. घेणारा हौसेनं घेतो, एखाद्या वायरमनकडून बसवून घेतो. गल्लीत आवाज दणदणीत लागतो. पहिल्या लांबच्या फेरीला गाडी ऐंशीच्या पुढे गेली की गाण्यातले शब्द कुठे जातात ते कळत नाही. मग पुढचा विचार ठरलेला असतो: आणखी मोठा ॲम्प टाकू. पैसा वाया जायला सुरुवात होते ती इथून.

या पट्ट्यात बाइक-टूरिंगची हौस का फोफावली, हे नकाशा उघडला की समजतं. बदलापूरहून बारवी धरणाच्या अंगानं मुरबाड गाठायचं, तिथून सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाट. दुसऱ्या बाजूला वांगणी, नेरळ, कर्जत. काटई रस्त्यानं निघालं तर तळोजा, पनवेल आणि पुढे अख्खं कोकण. पाच दिवस लोकलच्या दारात उभं राहून काढलेल्या माणसाला रविवारची पहाट या रस्त्यांवर घालवावीशी वाटली तर नवल नाही. शिवाय गाडीत काहीतरी नवीन जोडून बघायची वृत्ती इथल्या मातीतली आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. हाती काही नसताना लहानसहान कारखाने आणि दुकानं उभी करून हे गाव वाढलं. शेजारच्या अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि एमआयडीसी. सोल्डरिंगची कांडी आणि मल्टिमीटर हातात धरणाऱ्यांची इथे वाण नाही.

मोटारसायकल आणि संगीत यांची जोडी मात्र इथली नाही. ती मोठ्या, जडशीळ टूरिंग गाड्यांची देणगी. होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली तेव्हा अगदी उघडी होती, समोर काच नाही की फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, नाही. अमेरिकेतले मालक बाजारातून फेअरिंग आणून स्वतः बसवायचे. ते पाहून १९८० साली होंडानं ‘इंटरस्टेट’ हे मॉडेल काढलं. त्यात फेअरिंग आणि सामानाच्या पेट्या कारखान्यातूनच बसून येत, आणि स्टिरिओ हवा तर तोही घेता येई. पुढे गोल्ड विंग सहा सिलिंडरची झाली, आणि २०१८ची गोल्ड विंग ही ॲपल कारप्ले असलेली पहिली मोटारसायकल ठरली. हार्ली-डेव्हिडसनच्या २०२४च्या स्ट्रीट ग्लाइडला कंपनीच २०० वॉटचा ॲम्प्लिफायर देते. त्या जगात स्पीकर-ॲम्प बदलून देणं हा स्वतंत्र धंदा आहे, आणि त्यात रॉकफर्ड फॉसगेटसारखी मोटार-ऑडिओतली मातब्बर नावंही उतरली आहेत.

पण त्या गाड्यांमध्ये स्पीकरला रुंद फेअरिंगमध्ये घर केलेलं असतं, समोर मोठी काच असते आणि वीज तयार करणारा अल्टरनेटरही तसाच तगडा असतो. माळशेजच्या वळणांवर दिसतात त्या गाड्या वेगळ्या: २०१६ साली आलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि तिची २०२३ची ४५० सीसीची बहीण, बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर, डोमिनार ४००. लांबच्या पल्ल्याला झकास, पण स्पीकरसाठी त्यांत जागा सोडलेली नाही. म्हणून अमेरिकेतल्या गाडीचा व्हिडिओ पाहून तसंच इथे करायला गेलं की फसगत होते.

आधी आवाजाचा हिशेब. ॲम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबेलनं वाढतो, म्हणजे कानाला ‘थोडासा वाढला’ एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबेल वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दसपट करावी लागते. खऱ्या २० वॉटवरून खऱ्या २०० वॉटवर उडी मारावी, तेव्हा कुठे आवाज दुप्पट वाटणार. त्यात समोर उभा असतो वारा. ताशी ८० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबेलच्या वर गेलेला असतो आणि हमरस्त्याच्या वेगाला तो १००च्या आसपास पोहोचतो. त्याच्यावर मात करून गाणं ऐकायचं, तर गाणं त्याहून मोठं लागणार.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि त्यावर दर ३ डेसिबेलला ही वेळ निम्मी होते. त्या हिशेबानं १०० डेसिबेलला मिळतात १५ मिनिटं. बदलापूर ते माळशेज १५ मिनिटांत होत नाही. कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि बहिरेपण हळूहळू येत असल्यानं ते लवकर कळतही नाही. म्हणून ऑडिओवर पैसे टाकायचेच असतील, तर पहिला रुपया हेल्मेटवर जायला हवा. मानेपाशी घट्ट बसणारं, फटी नसलेलं पूर्ण हेल्मेट आणि डोक्यावर वारा न आपटवणारी योग्य उंचीची काच एवढ्यानंच वाऱ्याचा गोंगाट कमी होतो. मग आहे तोच स्पीकर ऐकू येऊ लागतो. कानात फोमचे बोळे घालून गाडी चालवणारे जुने रायडर वेडे नसतात. त्यानं वारा आणि गाणं दोन्ही दबतात, पण कानावरचा मारा कमी झाल्यानं गाणं उलट स्वच्छ उमगतं.

यानंतर स्पीकर. विकत घेताना जवळपास कुणी विचारत नाही असा एक आकडा स्पीकरच्या कागदावर असतो, तो म्हणजे सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबेल आवाज निघतो, ते हा आकडा सांगतो. एक स्पीकर ८६चा आणि दुसरा ९२चा असेल, तर त्यांच्यातल्या ६ डेसिबेलच्या फरकाचा अर्थ असा की पहिल्याकडून तेवढाच आवाज काढायला चौपट मोठा ॲम्प लागेल. चांगला स्पीकर घेतला तर छोटा ॲम्प पुरतो. छोटा ॲम्प पुरला तर बॅटरी, वायरिंग आणि अल्टरनेटर या तिन्हींवरचा ताण हलका होतो. अपग्रेडची सुरुवात ॲम्पपासून नव्हे, स्पीकरपासून करायची ती याचसाठी. वॉटचा आकडा बघायचाच तर ‘आरएमएस’ बघावा, म्हणजे जो सलग झेपतो तो. ‘पीक’ आणि ‘मॅक्स’ हे पीएमपीओचे भाऊबंद.

कारमध्ये घुमणारा स्पीकर बाइकवर लावला की त्याचा बास नाहीसा होतो, ही तक्रार नेहमीची आणि तिचं कारण साधं आहे. कारच्या बंद काचांत खालच्या पट्टीच्या लहरी कोंडून जोर धरतात. उघड्यावर त्यांना अडवायला काही नसतं. शिवाय स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागची बाजू उघडी राहिली तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना मारतात. म्हणून स्पीकरला मागून बंद, घट्ट पेटी लागते. मोठ्या टूरिंग गाड्यांत ते काम फेअरिंगच्या आतली पेटी करते. आपल्याकडे हँडलवरच्या चार इंची स्पीकरकडून ढोलाचा धक्का मागण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून गाण्याचे शब्द, गायकाचा आवाज, बासरी, तंतुवाद्यं एवढं स्वच्छ मिळालं तरी पुष्कळ. ॲम्पवर ‘हाय पास’ फिल्टर असेल तर तो १०० हर्ट्झच्या आसपास लावून खालचा बास तोडून टाकावा. झेपत नाही ते वाजवायचं ओझं उतरलं की तोच स्पीकर मोकळा, मोठा आणि जास्त दिवस वाजतो.

विजेचा हिशेब तर त्याहून कडक. एक सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा अल्टरनेटर भरात असताना दोनशे ते तीनशे वॉटच्या दरम्यान वीज देतो, आणि गाडी आयडलवर असताना त्याहून बरीच कमी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू ठेवणं बंधनकारक झालं. हॅलोजनचा बल्ब असेल तर तिथेच ५५ वॉट गेले. एप्रिल २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू आले. ते वीज खातात. एबीएस खातो, मोबाइल चार्जर खातो, वर हौसेचे फॉग लाइट. उरलेल्या विजेत बॅटरीही चार्ज व्हायची असते. खऱ्या १०० वॉटचा डी-क्लास ॲम्प पूर्ण भरात नऊएक अँपिअर ओढतो. जुन्या धाटणीचा एबी-क्लास असेल तर तेरा-चौदा, आणि त्यातली जवळपास निम्मी वीज नुसती गरम होण्यात जाते. संगीत सतत भरात नसतं, त्यामुळे सरासरी खर्च याच्या कितीतरी खाली राहतो. तरीही बाइकवर ॲम्प लावायचा तर डी-क्लासचाच, आणि दोन्ही बाजूंना मिळून खऱ्या ५० ते १०० वॉटच्या आतला. त्यापुढची भूक या गाड्या भागवू शकत नाहीत.

चहाच्या टपरीवर इंजिन बंद, किल्ली चालू आणि गाणी सुरू हा तर बॅटरी संपवायचा खात्रीचा मार्ग. अशा गाड्यांत साधारण ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. किल्ली फिरवताच हेडलाइट लागणाऱ्या गाडीत तो एकटाच साडेचारएक अँपिअर घेतो, त्यात ॲम्प. पाऊण तासात सेल्फ मारायला दम उरत नाही, आणि आजच्या बहुतेक टूरिंग बाइकना किक नसते. टोकावड्याच्या चढावर धक्का मारणारे मित्र बरोबर असतील तर ठीक!

काम कसं झालंय हे वायरिंगवरून ओळखावं. सीट उचलली की बॅटरी दिसते. चांगल्या कारागिराची लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून निघते आणि वीतभर अंतरातच तिच्यावर फ्यूज असतो. हा फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नसतो. वायर कुठे घासून फ्रेमला लागली तर टाकीखाली आग लागू नये म्हणून तो असतो, त्यामुळे तो बॅटरीजवळच हवा. काळी वायर बॅटरीच्या मायनसवर जाते. जवळचा नट दिसला म्हणून फ्रेमला अर्थ दिला की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वर-खाली होणारी बारीक शिट्टी स्पीकरमध्ये येते. मध्ये एक रिले, जो किल्ली बंद केली की ॲम्पची वीज तोडतो. टोकांना दाबून बसवलेले लग, वर हीट-श्रिंकची नळी. वाईट काम उलटं: हेडलाइटच्या वायरचं प्लास्टिक ब्लेडनं सोलून तिथेच पीळ मारलेला, वर काळी चिकटपट्टी. उन्हात ती पट्टी सुटते, पावसात तांबं हिरवं पडतं आणि एका रात्री घाटात हेडलाइट फडफडायला लागतो. वायरिंगशी छेडछाड झालेली दिसली की वॉरंटीचा दावाही बारगळतो. म्हणून कंपनीची एकही वायर न कापता काम करणारा कारागीर शोधावा.

असा कारागीर दोन गोष्टी न सांगता करतो. एक, मल्टिमीटर लावतो. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर चौदाच्या जवळपास. हेडलाइट आणि ॲम्प दोन्ही चालू असताना आकडा १३च्या खाली बसू लागला, की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होण्याच्या बेताला आली समजायचं. दुसरी गोष्ट पाहायला गमतीची आहे. पेन्सिल सेलच्या दोन टोकांना स्पीकरच्या दोन वायरी क्षणभर टेकवायच्या. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर स्पीकरचीही प्लस. दोन्ही स्पीकर एकाच दिशेनं हलायला हवेत. एक उलटा जोडला गेला तर दोघांचा बास एकमेकांत विरतो, आणि गिऱ्हाईक दुकानात परत येऊन नवा ॲम्प मागतं.

ॲम्पवरचं ‘गेन’ हे आवाजाचं बटन समजून शेवटपर्यंत पिळण्याची चूकही सर्रास होते. गेन हा फोन आणि ॲम्प यांची पातळी जुळवण्यासाठी असतो. तो जास्त झाला की लहरींची टोकं कापली जातात, गाणं खरखरतं आणि नाजूक ट्विटर जळतो. स्पीकर जळतात ते नेहमी मोठ्या ॲम्पनंच असं नाही. ताकदीबाहेर ताणलेला छोटा ॲम्पही त्यांना तितक्याच सहज जाळतो.

बदलापूरच्या पावसाबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ते दृश्य सगळ्या देशानं पाहिलं. या भागात कागदी पडद्याचा कारचा स्पीकर बाइकवर लावणं म्हणजे एका पावसाळ्याचा करार. पॉलिप्रॉपिलिनचा पडदा, रबराची कड आणि धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचं आयपी रेटिंग पाहून घ्यावं. त्यातही एक बारकावा आहे. आयपी६७मधला ७ पाण्यात बुडण्यापुरता असतो. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा ५ आणि ६ या आकड्यांची. पावसातून सुखरूप आलेला स्पीकर सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाखाली मरतो तो यामुळे. गाडी धुवायला देताना स्पीकरवर पंप मारू नका, हे बजावून सांगावं.

आता सर्वात महत्त्वाचं. हा आवाज बाइकवाल्याच्या कानापर्यंतच थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्री म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असेल, तर तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गाडीनं केलेल्या आवाजाच्या प्रदूषणासाठी २०१९च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करण्याविरुद्ध कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे अधोरेखित केलं. स्पीकर क्लॅम्पवर बसवणं वेगळं आणि त्यासाठी फ्रेम, दिवे, हँडल कापणं-जोडणं वेगळं, हे भान ठेवलेलं बरं.

आणि हे नियम ठाणे जिल्ह्यात नुसते कागदावर राहिलेले नाहीत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६मध्ये ध्वनिप्रदूषण आणि मंडपांबाबत सविस्तर निकाल दिला, तो राज्यभर आधाराला घेतला जातो. उल्हासनगरच्या दिवंगत वकील सरिता खानचंदानी यांनी हिराली फाउंडेशनच्या माध्यमातून याच शहरातल्या गोंगाटाविरुद्ध चिकाटीनं आवाज उठवला. ज्या गल्लीत आजारी म्हातारं माणूस, तान्हं मूल आणि बारावीचा अभ्यास करणारी मुलगी एकाच भिंतीआड राहतात, तिथे रात्री अकराला शंभर वॉट वाजवत गाडी लावणाऱ्याच्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही. घाटातही तेच. माळशेजच्या माथ्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला गेलेल्यानं स्पीकर बंदच ठेवावा.

म्हणून ज्यांना हे करायचंच आहे त्यांच्यासाठी क्रम असा: हेल्मेट आणि काच आधी, मग जास्त सेन्सिटिव्हिटीचे, पाण्याला टिकणारे, मागून बंद पेटीतले दोन स्पीकर, मग छोटा डी-क्लास ॲम्प, आणि पुढे काही नाही. ज्यांचा बराचसा वेळ ऐंशीच्या वर जातो त्यांना रस्ता सांगायला आणि मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायला हेल्मेटमधला इंटरकॉम अधिक उपयोगी पडतो. तो इतरांना त्रास देत नाही आणि त्याचा आवाजही कमी ठेवता येतो. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे, ही अट दोन्हींना लागू. दुकानात गेलात की चार गोष्टी विचारा: आरएमएस वॉट किती, सेन्सिटिव्हिटी किती, फ्यूज किती अँपिअरचा आणि बॅटरीपासून किती लांब, आणि कंपनीची कोणती वायर कापणार. पहिल्या तीन प्रश्नांना आकडा आणि चौथ्याला ‘एकही नाही’ असं उत्तर मिळालं तरच गाडी दुकानदाराच्या ताब्यात द्या, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.